औषधांचं ॲप कुठलं ठेवू? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी नंदुरबार जिल्ह्यात उपकेंद्रावर सीएचओ (कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) आहे. डोस बघायला मेडस्केप टाकलंय पण रेंज गेली की अडतं, आणि आपल्याकडची काही औषधं त्यात सापडतच नाहीत. दुसरं कुठलं ॲप घेऊ?

उत्तर: ताई, मेडस्केप काढू नका, फुकट आहे आणि चांगलं आहे. तालुक्याला मीटिंगला जाल तेव्हा वायफायवर त्याचा ऑफलाइन डेटा उतरवून घ्या म्हणजे रेंजचा प्रश्न बराचसा सुटेल. औषधं सापडत नाहीत कारण ते मुळात अमेरिकेचं ॲप, तिकडे पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतात, साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल, आणि ताप-दुखीवरचं निमेसुलाइड तर तिकडे कधी मंजूरच झालं नाही (आपल्याकडेही 12 वर्षांखालच्या मुलांना 2011 पासून बंद आहे, तेवढं लक्षात असू द्या).

पण मला नावापेक्षा जास्त काळजी वाटते ती मिलीची. समजा 10 किलोचं बाळ तापाने फणफणलंय, किलोला 15 मिग्रॅ धरलं तर एका वेळचा डोस झाला 150 मिग्रॅ, इथपर्यंत ॲप बरोबर. आता तुमच्या कपाटात 5 मिलीला 125 वालं सिरप असेल तर 6 मिली द्यायचं, 250 वालं असेल तर 3 मिली, आणि ड्रॉप्स असतील, 1 मिलीला 100 मिग्रॅ, तर फक्त दीड मिली. अमेरिकेतलं सिरप 5 मिलीला 160 असतं, त्यामुळे तिकडचा तक्ता बघून 5 मिली म्हणून 250 वालं पाजलं तर एका वेळेला 250 मिग्रॅ पोटात जातात, आणि आई बिचारी तेच दिवसातून चार वेळा देणार! म्हणून ॲपमधून फक्त मिग्रॅ घ्या, मिली बाटलीवरचं लेबल वाचूनच काढा, आणि आईला सिरिंजवर खूण करून दाखवा, घरातला चमचा नको.

सर्पदंशाला तर परदेशी ॲप उघडूच नका. त्यात तिकडच्या रॅटलस्नेक सापाच्या विषावरचं औषध असतं, आपली एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवरची. आपल्या प्रोटोकॉलप्रमाणे लहान मुलालाही मोठ्या माणसाइतक्याच वायल (इंजेक्शनच्या बाटल्या) लागतात, कारण सापाने विष सोडताना वजन बघितलेलं नसतं. अशा गोष्टींसाठी आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) स्टँडर्ड ट्रीटमेंट वर्कफ्लोजचं ॲप घ्या, एका आजाराला एक पान, कुठल्या पातळीवर काय करायचं आणि रेफर कधी करायचं सगळं त्यात आहे. लागतील ती पानं फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

प्रश्न: एमबीबीएस सेकंड इयरला आहे. अपटूडेट हे डॉक्टरांचं संदर्भ ॲप परवडत नाही, मित्राकडे क्रॅक केलेली फाइल आहे, चालेल का?

उत्तर: नको रे बाबा. अपटूडेटची सगळी किंमत ते सतत अपडेट होतं याचीच आहे, क्रॅकमध्ये नेमकं तेच मिळत नाही, शिवाय फोनमध्ये काय घुसेल सांगता येत नाही. आधी कॉलेजच्या लायब्ररीत विचार, बऱ्याचदा ॲक्सेस असतो आणि मुलांना पत्ताच नसतो. फार्मॅकला (औषधशास्त्राला) नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया हे औषधांच्या माहितीचं पुस्तक वाच. एमडीकॅल्क हे वैद्यकीय आकडेमोडीचं ॲप फुकट आहे, जरूर वापर, फक्त आकडा टाकायच्या आधी युनिट बघ, आपल्याकडे शुगर मिग्रॅ प्रति डेसिलिटरमध्ये येते, ब्रिटनकडे मिलिमोलमध्ये, म्हणजे 18 पटीचा फरक. आणि वॉर्डात कुणाला औषधाची रिॲक्शन दिसली तर ती फार्माकोव्हिजिलन्सला (औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यक्रमाला) 1800-180-3024 वर कळवता येते, नंबर सेव्ह करून ठेव.