पूर ओसरल्यावर फरशी धुताना ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड एकत्र वापरलं तर चालेल का? (कोल्हापूर)
नाही, अजिबात नको; ब्लीचिंग पावडरवर अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. मी रसायनशास्त्र शिकवतो, ही क्रिया पुस्तकातलीच आहे. हा वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे बंद मोरीत खाली साचतो आणि वाकून घासणाऱ्याच्याच नाकात जातो. संडास साफ करायच्या बाटलीतही बहुतेकदा अ‍ॅसिडच असतं, हे कुणी बघतच नाही. २०१९ किंवा २०२१ सारखा पंचगंगेचा गाळ घरात आलाच, तर आधी तो खरवडून साबणाच्या पाण्यानं धुवा (गाळावर टाकलेली पावडर निम्मी वायाच जाते), मग खिडक्या उघडून नुसतं ब्लीचिंगचं पाणी मारा. हट्टी डागांना नंतर, भरपूर पाणी ओतून झाल्यावर, वेगळ्या दिवशी अ‍ॅसिड चालेल. शहाबादी फरशीला मात्र तेही नाही, तो चुनखडीचा दगड आहे, अ‍ॅसिडनं झिजतो.