केमिस्ट्री सोडून कलेचा इतिहास घ्यावा का, म्युझियममध्ये काम करायचं असेल तर?

तू लिहिलंयस की केमिस्ट्रीचं दुसरं वर्ष संपत आलंय, कलेच्या इतिहासाचा एक पेपर सहज म्हणून घेतला आणि आता लॅबमध्ये मन लागत नाही, मेजर म्हणजे मुख्य विषय बदलायचाय, पुढं म्युझियममध्येच काम करायचंय पण झालेली दोन वर्षं फुकट जातील आणि नोकरीही लागणार नाही अशी धास्ती वाटतेय. मी १८ वर्षं म्युझियमच्या कलेक्शन विभागात आहे आणि मी स्वतः अकाउंट्स सोडून इकडे आले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोन वर्षं फुकट जात नाहीत. तुझ्या बाबतीत तर अजिबातच नाही. १९३७ मध्ये एम्माउसचं जेवण (येशूचा बायबलमधला प्रसंग) दाखवणारं एक चित्र पुढं आलं, अब्राहम ब्रेडियस म्हणजे त्या काळातला डच चित्रांचा मोठा जाणकार, त्याने ते व्हर्मीर या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराचं म्हणून नावाजलं आणि रॉटरडॅमच्या म्युझियमने ते घेतलं. ते काढलं होतं हान फान मेगेरेन या विसाव्या शतकातल्या डच चित्रकाराने! १९४५ मध्ये व्हर्मीरचं म्हणून एक चित्र नाझी नेता गोअरिंगपर्यंत पोचवलं म्हणून त्याला पकडलं तेव्हा त्याने स्वतःच कबूल केलं की ही चित्रं मीच काढलीत. तेलरंग पूर्ण कडक व्हायला कित्येक वर्षं लागतात, ते झटपट व्हावं म्हणून त्याने रंगात फिनॉल फॉर्माल्डिहाइड हे कृत्रिम रेझिन घालून चित्र भाजलं होतं, आणि तपासणी समितीला रंगात नेमकं तेच सापडलं. व्हर्मीर गेला १६७५ मध्ये, आणि हे रेझिन विसाव्या शतकातलं. मोठमोठ्या जाणकारांच्या नजरेतून सुटलेली गोष्ट केमिस्ट्रीने सिद्ध केली. आता सांग, तुझं शिक्षण वाया गेलंय असं कसं म्हणायचं?

म्हणून माझं स्पष्ट मत, मेजर बदल पण ऑरगॅनिक केमिस्ट्री पूर्ण करून मगच बदल. कॉन्झर्वेशनच्या, म्हणजे जुन्या वस्तूंच्या जतन-दुरुस्तीच्या, पुढच्या शिक्षणासाठी बऱ्याच ठिकाणी केमिस्ट्री लागते, त्यातही ऑरगॅनिक मागतात, आणि कलेचा इतिहास शिकलेली कित्येक मुलं तिथंच अडतात, मग पंचविशीत परत पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर बसून ते पेपर देतात. तुझे ते जवळजवळ झालेत. डिपार्टमेंटमध्ये जाऊन विचार की आत्तापर्यंतच्या क्रेडिट्सवर केमिस्ट्री मायनर (दुय्यम विषय) म्हणून धरता येईल का, आणि मेजर बदलल्यावर डिग्री नक्की किती लांबते. एखादं सेमेस्टर वाढत असेल तर खुशाल बदल. पूर्ण दोन वर्षं वाढत असतील तर मात्र आहे ती डिग्री संपवून एमएला विषय बदलणं मला जास्त पटतं.

आता म्युझियममधल्या कामाबद्दल. बाहेरून सगळ्यांना क्युरेटरच दिसतो, पण क्युरेटरच्या जागा फार थोड्या असतात आणि मोठ्या म्युझियममध्ये त्यासाठी बहुतेक वेळा पीएचडी लागते. बाकी वस्तूंच्या नोंदी आणि ये-जा सांभाळणारे रजिस्ट्रार, कॉन्झर्वेटर, वस्तू हाताळणारे आणि मांडणारे, एज्युकेशनवाले, अर्काइव्हवाले, अशी बरीच माणसं असतात. माझा दिवस कसा जातो सांगते. वस्तू दुसऱ्या म्युझियमला उधारीवर जाणार असेल तर पेटी उघडण्याआधी आणि बंद करताना कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तूच्या अवस्थेची नोंद, त्यात ‘थोडं खराब’ असं लिहून चालत नाही, तडा कुठून कुठपर्यंत, किती मिलिमीटर, जुना की नवा हे लिहावं लागतं. अ‍ॅक्सेशन नंबर, म्हणजे संग्रहातल्या वस्तूंचे नोंद क्रमांक, जुळवायचे, स्टोअरमधली आर्द्रता बघायची, किड्यांचे सापळे तपासायचे. कागदावरची चित्रं आणि कापड साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) मंद उजेडात ठेवतो आणि काही महिन्यांनी काढून अंधारात ठेवतो, कारण उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. अकाउंट्समधली हिशेब जुळेपर्यंत न उठायची सवय मला इथं रोज उपयोगी पडते, आणि म्हणूनच मी रजिस्ट्रेशनच्या बाजूने आत आले. तुझ्यासाठी केमिस्ट्रीचं दार उघडं आहे.

पण तुला हे आवडेल का, ते मेजर बदलायच्या आधीच बघून घे. जवळच्या म्युझियममधली एकच वस्तू निवड, फोन बॅगेत टाक, तासभर तिच्यासमोर बस आणि दिसतंय तेवढंच लिही, पाटीवरचं काही नाही. दुसऱ्या आठवड्यात परत त्याच वस्तूकडे जा. दुसऱ्या वेळी नवीन काही दिसलं आणि तास कमी पडला, तर हे काम तुझं आहे. मला तर चित्राची मागची बाजू पुढच्याइतकीच आवडते, तिथं जुन्या लिलावांचे नंबर, शिक्के, कस्टमच्या चिठ्ठ्या असतात आणि त्यावरून वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली ते कळतं. नाझींनी बळकावलेल्या कलाकृतींबद्दल १९९८ मध्ये वॉशिंग्टनमध्ये ४४ देशांनी तत्त्वं मान्य केली, तेव्हापासून १९३३ ते १९४५ मधल्या मालकीचा शोध घेणं हे मोठंच काम झालंय. त्याला जर्मन आणि फ्रेंच लागतं, त्यामुळे एक भाषा आत्ताच सुरू कर, ती शेवटच्या वर्षात घाईघाईने होत नाही.

पैशाचं खरं सांगते, सुरुवातीचा पगार कमी असतो आणि जागा कंत्राटी असतात. मी पहिली तीन वर्षं सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटांवर काढली. त्याआधी एका ठिकाणी बिनपगारी इंटर्नशिप केली, पाच महिने नुसती जुनी कार्डं कॉम्प्युटरवर चढवली, वस्तूला एकदाही हात लावू दिला नाही, त्याचा राग मला अजून आहे. त्यामुळे इंटर्नशिप घेताना आधी विचार की वस्तू हाताळायला शिकवणार का, शिकवणार कोण आणि पैसे किती. डोक्यावर मोठं शैक्षणिक कर्ज असेल तर बिनपगारीच्या वाटेला जाऊच नकोस, त्यापेक्षा कॉलेजच्याच संग्रहात किंवा लायब्ररीच्या दुर्मिळ पुस्तकांच्या विभागात आठवड्याचे थोडे तास पगारी काम मिळतं का बघ, तिथं विद्यार्थ्यांच्या हातात वस्तू लवकर येतात.

ऑरगॅनिकचा दुसरा भाग कुठल्या सेमेस्टरला आहे आणि तुझा तो कलेच्या इतिहासाचा पेपर कुठल्या काळाचा होता ते कळव, म्हणजे कुठली भाषा आधी घ्यावी ते सांगते.