भर बाजारपेठेच्या रस्त्याखालून रेल्वेचा बोगदा खणताना वरच्या जुन्या इमारतींना धोका नसतो का?

आपण विचारले आहे की, गजबजलेल्या रस्त्याखालून लाइट रेलचा किंवा मेट्रोचा बोगदा खणताना वरची वाहतूक कशी चालू ठेवतात आणि रस्त्याकडेच्या जुन्या इमारतींना त्यापासून धोका असतो का.

धोका असतो. मात्र बहुतेक लोक तो बोगद्यात शोधतात, आणि खरा धोका असतो स्टेशनच्या खड्ड्यात. मुंबईत भुयारी मेट्रोचे काम चालू असताना साडेतीन वर्षे मी इमारतींच्या हालचालींची रीडिंग घेणाऱ्या टीममध्ये होतो. आपल्या प्रश्नातील ‘जुन्या इमारती’ हे शब्द वाचताच मला दक्षिण मुंबईतील एका चाळीचा तिसरा मजला आठवला, त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

आधी बोगद्याविषयी. साधारण साडेसहा मीटर व्यासाचे टीबीएम, म्हणजे बोगदा खणणारे यंत्र, खडक कापत पुढे सरकते, त्याच्या पोटातच काँक्रीटचे तयार सेगमेंट, म्हणजे वक्र तुकडे, जोडून रिंग पूर्ण केली जाते आणि रिंग व खडक यांच्यामधील फटीत लगेच ग्राउट, म्हणजे सिमेंटचे पातळ मिश्रण, भरला जातो. त्यामुळे कापलेली जमीन आधाराशिवाय फार काळ राहत नाही, आणि यंत्राचा आवाज व कंपन एखाद्या इमारतीला जाणवते ते थोडेच दिवस. मुंबईच्या मेट्रो ३ चा मार्ग ३३.५ किलोमीटरचा असून त्यासाठी १७ यंत्रे वापरली गेली. शेवटचे यंत्र नोव्हेंबर २०२२ मध्ये बाहेर पडले, पण कफ परेडपर्यंत प्रवासी गाडी धावली ती ऑक्टोबर २०२५ मध्ये. मधली जवळजवळ तीन वर्षे स्टेशने, जिने, रूळ, सिग्नल आणि विजेच्या कामांत गेली. रस्त्यावरचे बॅरिकेड ज्यामुळे हटत नाहीत, ते काम हे.

वाहतूक चालू ठेवण्याची रीत सांगायला सोपी आहे. रस्त्याचा अर्धा भाग अडवून कडेने सिकंट पाइलची (एकमेकांत गुंतवलेल्या काँक्रीटच्या खांबांची) किंवा डी-वॉलची (खोल चरात ओतलेल्या काँक्रीटची) भिंत खाली उतरवतात, वर पोलादी तुळया टाकून डेकिंग करतात, वाहने त्या डेकवर वळवतात आणि मग दुसरा अर्धा भाग हाती घेतात. डेकवरून बस जात असते तेव्हा तिच्याखाली माणसे खोदत असतात. याच्याही आधी युटिलिटी शिफ्टिंग असते, म्हणजे पाण्याचे मुख्य नळ, मलवाहिन्या, गॅसचे पाइप आणि विजेच्या केबल बाजूला हलवणे. जुन्या शहरांत नकाशावर एक नळ असतो आणि हाताने खणलेल्या चाचणीच्या खड्ड्यात तीन निघतात, म्हणून वेळापत्रक पहिल्यांदा कोलमडते ते इथेच. गिरगाव आणि काळबादेवी येथे तर रस्ता इतका अरुंद आहे की पूर्ण स्टेशनचा खड्डा वरून उघडता येण्यासारखा नव्हता. तेथे शाफ्टमधून, म्हणजे विहिरीसारख्या उभ्या खड्ड्यातून, खाली उतरून फलाटांची पोकळी नाटम (न्यू ऑस्ट्रियन टनेलिंग मेथड) पद्धतीने आडवी, टप्प्याटप्प्याने खणली गेली.

आता खड्ड्याविषयी. जर्मनीतील कोलोन शहरात सेव्हरिनश्ट्रासे या जुन्या, गजबजलेल्या रस्त्याखालून उत्तर-दक्षिण लाइट रेलचा बोगदा काढण्यात आला. ३ मार्च २००९ रोजी दुपारी त्या रस्त्यावरील शहराच्या अभिलेखागाराची इमारत कोसळली. शेजारच्या घरातील दोन तरुण त्यात मरण पावले आणि हजार वर्षांच्या नोंदी मातीत गेल्या. बोगदा खणणारी यंत्रे त्या वेळी आपले काम संपवून गेलेली होती. इमारतीसमोर रूळ बदलण्याच्या जागेसाठी खोल खड्डा घेतलेला होता, त्याच्या भूमिगत भिंतीत दोष राहून गेला होता आणि त्या दोषातून पाणी व वाळू खड्ड्यात शिरून इमारतीखालची जमीनच वाहून गेली. खड्ड्यातील कामगारांना पाणी येताना दिसले, ते वर धावत आले, त्यांनी ओरडून सांगितले आणि म्हणून अभिलेखागारातील कर्मचारी व वाचक बाहेर पडू शकले. ही शेवटची गोष्ट कृपया लक्षात ठेवा, कारण माझ्या पुढच्या सांगण्याचा तिच्याशी संबंध आहे.

सुरुवातीला म्हटलेली दक्षिण मुंबईतील ती चाळ शंभर वर्षांहून जुनी, सागवानी खांबांची, विटा आणि चुन्याच्या भिंतींची. तिसऱ्या मजल्यावरील एका बिऱ्हाडात स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीपासून छताकडे एक तिरकी भेग गेलेली होती. ती मेट्रोच्या आधीची होती. काम सुरू होण्यापूर्वीच्या पाहणीत तिचा फोटो काढून आम्ही तिच्यावर क्रॅक मीटर बसवला होता. हे उपकरण म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या दोन पट्ट्या. एक भेगेच्या डावीकडे चिकटवतात, तिच्यावर मिलिमीटरच्या चौकटी असतात. दुसरी उजवीकडे, तिच्यावर लाल फुली असते. भेग रुंदावली की फुली चौकटींवरून सरकते. याखेरीज भेगेच्या दोन्ही बाजूंना धातूची दोन बटणे बसवलेली होती आणि त्यांच्यातील अंतर आम्ही डिजिटल कॅलिपरने मोजत असू, त्यामुळे मिलिमीटरचा दहावा भागही कळत असे.

त्या घरात एक आजी एकट्या राहत, मुलगा बदलापूरला. मी येण्याच्या वेळी त्या फडताळावरचे डबे आधीच काढून ठेवत, म्हणजे मला स्टुलावर चढून नीट मोजता यावे. रीडिंग लिहून झाले की त्या विचारत, “किती रे आज?” आणि मी आम्हाला शिकवलेले उत्तर देत असे, “आजी, ते ऑफिसातून कळवतील.” ऑफिसातून कोणी कधी काही कळवले नाही.

श्रावणात यंत्र चाळीच्या जवळ आले. आमची रीडिंग दिवसातून एकदाची चारदा झाली, आणि रात्री मांडणीवरच्या वाट्या एकमेकींना लागून बारीक वाजत. तळमजल्यावरच्या एका गृहस्थांनी कोणाला तरी सांगितले की, तिसऱ्या मजल्यावर दोन बोटे भेग पडली आहे. संध्याकाळपर्यंत पाच बिऱ्हाडांनी मुलांना नातेवाइकांकडे पाठवले, आणि आजींचा मुलगा टेम्पो घेऊन आला.

आजी निघायला तयार नव्हत्या. मी रीडिंग घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी मला भिंतीजवळ बोलावले. भेगेच्या वरच्या टोकाशी पेन्सिलीने मारलेल्या बारीक आडव्या रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेपुढे तारीख होती. चैत्रापासून त्या दर सोमवारी भेगेचे टोक कुठवर आले आहे, याची खूण करत होत्या. काही फरक नसेल त्या दिवशी कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, ‘नाही’ असे लिहीत होत्या. उन्हाळ्यात भेग दोन रेघा पुढे गेली होती आणि पहिल्या पावसानंतर तिथेच थांबली होती. आमच्या संगणकावरचा आलेख नेमके हेच सांगत होता. चुन्याच्या भिंती आणि लाकडी खांब ऋतूप्रमाणे आकसतात व फुगतात, आणि त्यांच्यातील भेगा त्याबरोबर उघडतात व मिटतात.

त्या दिवशी मी आकडा सांगितला. “आजी, कामाआधीच्या मापापेक्षा चार दशांश मिलिमीटर जास्त आहे, म्हणजे एटीएम कार्डाची जाडी असते ना, तिच्या निम्म्याएवढी. आणि त्यातलीही अर्धी मे महिन्यातली आहे, तेव्हा यंत्र अर्धा किलोमीटर लांब होते.” मुलाने खिशातून कार्ड काढले, ते डोळ्यांसमोर कडेने धरून पाहिले आणि बराच वेळ काही बोलला नाही. टेम्पो रिकामा परत गेला.

दुसऱ्या दिवशी माझ्या वरिष्ठांनी मला बोलावून सर्वांदेखत खडसावले आणि आठवड्याभरात माझी बदली कार्यालयातील नोंदणीच्या कामावर केली. त्यांचे म्हणणे होते की, आकडा लोकांना कळतो पण त्याचा अर्थ कळत नाही, म्हणून आकडा बाहेर दिला की अफवा पसरतात. मी तेव्हा गप्प राहिलो, कारण नोकरी होती. आज उत्तर देतो. अफवा आधीच पसरलेली होती, ‘दोन बोटे’ हा तिचा आकडा होता आणि तो आकडा चालला, कारण आम्ही खरा आकडा झाकून ठेवला होता. ज्या बाईंच्या डोक्यावरचे छप्पर आम्ही मोजत होतो, त्यांना त्या छपराचे माप सांगायचे नाही, या धोरणामागे इमारतीच्या सुरक्षेचे एकही कारण नव्हते. कोलोनमध्ये माणसे वाचली ती खालच्या कामगारांनी कोणाचीही परवानगी न घेता वरच्यांना सांगितले म्हणून. आणि त्या दुर्घटनेनंतरच्या चौकशीत त्याच प्रकल्पाच्या खोदकामातील काही नोंदी बनावट असल्याचे उघड झाले, हेही सांगितले पाहिजे. जी नोंद त्या घरातील माणसाला रोज दाखवावी लागते, ती बनावट करणे फार अवघड असते.

म्हणून माझा सल्ला असा की, आपल्या रस्त्यावर असे काम येणार असेल, तर ते बंद पाडण्यासाठी सह्या गोळा करण्याआधी रीडिंग मागा. प्रत्येक इमारतीच्या जिन्याखाली एक फलक असावा आणि त्यावर कामाआधीचे माप, आजचे माप, इशाऱ्याची पातळी आणि काम थांबवण्याची पातळी हे चार आकडे मराठीत लिहिलेले असावेत. त्याखाली मध्यरात्री उचलला जाईल असा एक दूरध्वनी क्रमांक असावा. कामाआधीची पाहणी एका दिवसात उरकू देऊ नका. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही सापडतील अशी किमान एका वर्षाची मापे हातात असल्याशिवाय भेग ऋतूमुळे आहे की खोदकामामुळे, हे पुढे कोणालाही सिद्ध करता येत नाही, आणि तेव्हा नुकसान रहिवाशाच्याच माथी येते. पाहणीच्या वेळी स्वतः उभे राहा, प्रत्येक भेगेशेजारी मोजपट्टी धरून फोटो घ्या आणि पाहणी अहवालाची प्रत मिळाल्याखेरीज त्यावर सही करू नका.

इमारत सगळ्या बाजूंनी सारखीच खचली तर तिला सहसा फारसे काही होत नाही. एक कोपरा खचला आणि दुसरा राहिला की भिंती चिरतात. त्यामुळे ‘किती खचली’ एवढेच विचारून थांबू नका, कोणत्या दोन कोपऱ्यांमध्ये किती फरक आहे, ते विचारा. इमारतीचा कल मोजणारा टिल्ट मीटर त्यासाठीच असतो.

एका बाबतीत मला वरिष्ठांचे म्हणणे मान्य केले पाहिजे. एकदा एका खोलीतील उपकरणाला कपाट सरकवताना धक्का लागला आणि रीडिंग एकदम तीन मिलिमीटरनी वाढलेले दिसले. ते त्याच क्षणी फलकावर गेले असते, तर घबराट झाली असती. म्हणून आकडा लावण्याआधी पुन्हा मोजून खात्री करायला दोन तास घेतले, तर माझी हरकत नाही. वर्ष घेतले, तर आहे.

आणखी एक गोष्ट मी आधीच सांगायला हवी होती. माझा सगळा अनुभव मुंबईतील बसाल्ट आणि ब्रेशिया खडकातला आहे, आणि बोगदा तुलनेने निर्धोक असल्याचे मी जे म्हणतो ते खडकापुरते खरे आहे. कोलकात्यात बऊबाजार येथे ३१ ऑगस्ट २०१९ रोजी यंत्र पाण्याच्या थरात शिरले, वरची घरे कोसळली आणि शेकडो रहिवाशांना घर सोडावे लागले. मे २०२२ मध्ये त्याच भागात पुन्हा पाणी शिरून घरांना भेगा पडल्या. कॅनडातील ओटावा शहरात लाइट रेलचा बहुतेक बोगदा चुनखडकातून गेला, पण रिडो स्ट्रीटखाली मऊ मातीचा पट्टा होता आणि ८ जून २०१६ रोजी भर रस्त्यात मोठा खड्डा पडून त्यात एक गाडी गेली. तेव्हा आपल्या रस्त्याखाली काय आहे, हे आधी पाहा. बोअरहोलचा, म्हणजे जमीन तपासण्यासाठी घेतलेल्या खोल छिद्रांचा, अहवाल मागवा आणि भूजलाची पातळी कोणत्या महिन्यात मोजली आहे ते त्यात शोधा. एप्रिल किंवा मे लिहिलेले असेल, तर पावसाळ्यात पुन्हा मोजण्याची मागणी लेखी करा.