परसातलं पडलेलं आंब्याचं झाड आणि घरातली जुनी सागवानी दारं सुतारकामाला वापरता येतील का?

तुम्ही लिहिलंय की आठ दिवसांपूर्वी वाऱ्याने आंबा पडला, त्याचे ओंडके करून ठेवलेत आणि दुरुस्तीत निघालेली जुनी सागवानी दारंही पडून आहेत. सुरुवात कुठून करावी, असं विचारलंत. दोन्ही लाकडं कामाची आहेत. पण दारं आणखी दोन वर्षं थांबली तरी त्यांचं काही बिघडणार नाही. आंब्याला तेवढा वेळ नाही, म्हणून आधी त्याचं सांगतो.

आज संध्याकाळपर्यंत प्रत्येक ओंडक्याच्या दोन्ही टोकांना जाड थर फासा. उरलेला ऑइलपेंट किंवा वितळवलेलं मेण, जे हाताशी असेल ते. खोडात पाणी वर नेणाऱ्या नळ्यांची तोंडं कापलेल्या टोकाला उघडी पडतात, आणि तिथून पाणी बाजूंपेक्षा दहापट वेगाने उडतं. टोक आकसायला लागतं, आतलं लाकूड मात्र अजून फुगलेलंच असतं. या ओढाताणीत लाकूड तडकतं. बारीक चिरा आधीच पडल्या असतील तर त्या जिथवर गेल्यात तिथवर कापून टाका आणि ताज्या कापावर लगेच रंग लावा.

हे मी नुकसान सोसून शिकलो. आमच्या अंगणातला फणस गेला तेव्हा त्याचा ओंडका सालीसकट भिंतीला टेकवून ठेवला, सवडीने बघू म्हणून. चार महिन्यांनी बघितलं तर गाभ्यापासून कडेपर्यंत चांदणीसारख्या भेगा, बोटं आत जातील एवढ्या. साल ओढली तर पिठासारखा भुसा हातावर सांडला. त्या झाडाखाली मी लहानाचा मोठा झालो होतो. आठवणीला एक पाट करावा म्हटलं, तर तेवढी धड फळीसुद्धा निघाली नाही.

म्हणून साल लवकर काढा आणि फळ्या लवकर पाडून घ्या. आंब्याला कीड चटकन लागते. सालीलगतच्या फिकट लाकडातलं पिष्ट हा किडीचा आवडता खाऊ. ओल्या फळ्यांवर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी मारलं तर बराच बचाव होतो.

घराजवळच्या झाडाला हात लावायला आरागिरणीवाले बहुधा कचरतात, कारण त्यात खिळे आणि तारा निघतात. इथे एक गोष्ट कामी येते. खोड उंचीने वाढतं ते फक्त शेंड्याला. वीस वर्षांपूर्वी कपड्यांच्या दोरीसाठी छातीएवढ्या उंचीवर ठोकलेला खिळा आजही छातीएवढ्याच उंचीवर असतो, फक्त खोडाने जाड होत त्याला पोटात घेतलेलं असतं. घरातल्या जुन्या माणसांना विचारा, दोरी कुठे बांधायचे, झोपाळा कुठे होता, आणि तेवढा भाग खडूने खूण करून गिरणीवाल्याला आधीच दाखवा.

फळ्या पाडताना अगदी मधला गाभा कुठल्याच फळीत राहू देऊ नका. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही. गाभ्याकडून सालीकडे आकसतं, आणि वर्तुळांच्या अंगाने त्याच्या साधारण दुप्पट. त्यामुळे गाभा आत अडकलेली फळी फुटल्याशिवाय राहत नाही.

मग रचाई. जमिनीपासून वीतभर वर, सावलीत, वरून छप्पर आणि बाजू मोकळ्या. दोन फळ्यांमध्ये इंचभर जाडीच्या कोरड्या पट्ट्या, दीड-दोन फुटांवर, आणि सगळ्या थरांतल्या पट्ट्या बरोबर एकाखाली एक. पट्टी इकडेतिकडे सरकली की फळी तिथेच पोक काढते आणि मग कितीही रंधा मारा, निम्मं लाकूड भुशात जातं. वर दगडांचं वजन ठेवा.

किती दिवस? इंचभर जाडीला एक वर्ष, हा जुना अंदाज. हवा कोरडी आणि खेळती असेल तर त्याआधीही वाळतं. अंदाजापेक्षा मी वजनकाट्यावर विश्वास ठेवतो. एक फळी निवडायची, दर पंधरा दिवसांनी तिचं वजन करायचं आणि पेन्सिलीने तिच्यावरच तारीख घालून लिहायचं. आधी नळ्यांतलं मोकळं पाणी जातं, तेव्हा वजन भराभर उतरतं पण फळीचं माप बदलत नाही. ओलावा 30 टक्क्यांच्या आसपास उतरला की खरं आकसणं सुरू होतं. ओळीने तीन-चार आकडे तेच आले की फळी घरात आणा आणि महिनाभर घरच्या हवेत राहू द्या.

आता दारं. सागाची ओढाताण केव्हाच होऊन गेलेली असते, म्हणून हे लाकूड हाताळायला सुख आहे. पण जुन्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका, धूळ फुप्फुसात जाते. खिळे उपटून झाले की लोहचुंबक फिरवा, मोडून आत राहिलेली टोकंही सापडतील. मी एका चौकटीवर रंधा चालवत होतो. वरचा राखाडी थर दोन-तीन हातांत गेला, खाली मधासारखा रंग आला, सागाचा तो तेलकट वास सुटला, आणि खिळ्याच्या भोकाभोवती निळसर काळं कडं दिसलं. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन नावाचं तुरट द्रव्य यांचा तो डाग. ऑक्झॅलिक ॲसिडने फिका होतो (विषारी आहे, हातमोजे घाला). मी तो तसाच ठेवला. त्या चौकटीच्या फडताळावर आजही दिसतो, आणि मला आवडतो.

बाहेरून आणखी लाकूड गोळा करणार असाल तर मालाच्या लाकडी पॅलेटवरचा शिक्का वाचा. एचटी म्हणजे उष्णता दिलेलं, ते घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते नको. क्रिओसोट (लाकूड टिकवायचं विषारी डांबरी तेल) मुरलेले रेल्वेचे जुने स्लीपर तर घरात आणूच नका.

आंब्याच्या फांद्या मात्र सरपणात घालू नका. जिथे खोडाला फाटा फुटतो तिथलं लाकूड उभं चिरलं की आत पिसासारखी नक्षी निघते. तो तुकडा टोकांना रंग लावून वेगळा ठेवा. मनगटाएवढ्या सरळ फांद्या तर आजच कामाच्या आहेत. कुऱ्हाडीने मधोमध फोडा, गाभा तासून टाका आणि ओल्यातच चमचा किंवा उलथणं कोरा. ओलं लाकूड सुरीखाली मऊ लागतं, आणि एवढी पातळ वस्तू सावलीत आठवड्या-दोन आठवड्यांत वाळते.