सासूबाईंच्या शुश्रूषेसाठी इंटरनेटवर खात्रीची माहिती कोठे शोधावी?

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय ७८ आहे आणि त्यांना स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) असल्याचे निदान झाले आहे. यजमान अंबडच्या कारखान्यात पाळीने कामाला जातात, त्यामुळे दिवसभर त्यांच्याजवळ मीच असते. तिन्हीसांज झाली की ‘मला घरी जायचंय’ म्हणत त्या दाराशी जाऊन उभ्या राहतात आणि समजावले तर चिडतात. इंटरनेटवर शोधले की औषधांच्या जाहिराती येतात, नाहीतर वृद्धाश्रमवाले फोन नंबर मागतात. घरी सांभाळणाऱ्या माणसाने खात्रीची माहिती कोठे पाहावी?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आपण दिवसभर जे करत आहात ते किती कष्टाचे आहे, हे आपल्या पत्रातून कळते. ‘स्मृतिभ्रंशावर उपाय’ असे शोधले की समोर विकणारेच अधिक येतात, कारण अल्झायमरसारख्या आजारातून पूर्ण बरे करणारे औषध आजही उपलब्ध नाही आणि तसे आश्वासन देणारी जाहिरात तिथेच बंद करावी. त्याऐवजी त्या दिवशी जी अडचण आली असेल तीच शोधावी, म्हणजे ‘आंघोळीला नकार’, ‘रात्री झोप नाही’, ‘घरी जायचे म्हणतात’.

अशा रोजच्या अडचणींसाठी ‘डिमेन्शिया केअर नोट्स’ हे संकेतस्थळ मला सर्वांत उपयोगी वाटते. भारतीय घरांतील परिस्थिती गृहीत धरून लिहिलेला त्यातील मजकूर इंग्रजीबरोबर हिंदीतही वाचता येतो. ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही १९९२ मध्ये स्थापन झालेली संस्था याच आजारावर काम करते. जागतिक आरोग्य संघटनेचा ‘आय-सपोर्ट’ हा पाठ तर खास सांभाळणाऱ्यांसाठीच आहे, मात्र तो सवडीने वाचण्याचा आहे. (घरात पार्किन्सन्सचा रुग्ण असलेल्या वाचकांनी पुण्याच्या ‘पार्किन्सन्स मित्रमंडळा’चे मराठी साहित्य अवश्य पाहावे.)

आपल्या संध्याकाळच्या प्रश्नापुरते येथेच सांगतो. ‘घरी जायचंय’ यातले घर बहुधा पत्त्याचे नसते. भीती, थकवा, भूक किंवा लघवीची भावना नीट सांगता येत नाही, तेव्हा ती अशा शब्दांत बाहेर पडते. म्हणून ‘हेच तुमचे घर आहे’ असा वाद न घालता ‘जाऊ या हं आई, आधी चहा घेऊ’ असे म्हणावे, माहेरच्या अंगणाबद्दल, विहिरीबद्दल विचारावे आणि बोलता बोलता त्यांना खुर्चीपर्यंत आणावे. अंधार पडण्यापूर्वीच खोलीतले दिवे लावल्यास सावल्यांमुळे होणारा गोंधळ कमी होतो. त्या नजर चुकवून बाहेर पडू शकतात, हे लक्षात घेऊन नाव आणि आपला फोन नंबर लिहिलेली कापडी पट्टी त्यांच्या कपड्यांना आतून शिवून ठेवावी. मात्र हा गोंधळ एक-दोन दिवसांत एकाएकी वाढला, तर संकेतस्थळे चाळत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे; वृद्धांमध्ये लघवीच्या जंतुसंसर्गाने किंवा शरीरातील पाणी कमी झाल्यानेही असे होते आणि त्यावर उपचार असतात.

माहिती पारखताना ती कोणी लिहिली आणि केव्हा तपासली, हे पानावर दिले आहे का ते पाहावे. वाचण्याआधीच नंबर मागणारे पान माहितीसाठी नसून गिऱ्हाईक मिळवण्यासाठी असते. आया किंवा मावशी पुरवणारे ब्यूरो ऑनलाइन सापडतात खरे, पण प्रत्यक्ष भेट, ओळखपत्र आणि आधीच्या एखाद्या कुटुंबाशी बोलणे झाल्याशिवाय आगाऊ रक्कम पाठवू नये. व्हॉट्सॲप गटांत सोबत मिळते आणि ती मोलाची असते, तरीही सासूबाईंचे आधार कार्ड, रिपोर्ट किंवा त्या अस्वस्थ असतानाचे व्हिडिओ तेथे टाकू नयेत. त्यांना आता ‘नको’ म्हणता येत नाही.

सरकारी सोयींपैकी ज्येष्ठांसाठीची ‘एल्डरलाइन’ १४५६७ या नि:शुल्क क्रमांकावर मिळते आणि योजना, कायदा किंवा छळाच्या तक्रारी यांबाबत तेथे मार्गदर्शन होते. ‘ई-संजीवनी’वर घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला विनामूल्य घेता येतो, रुग्णाला रिक्षात बसवणेच कठीण असते अशा घरांना ही मोठी सोय आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांसाठी ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड २०२४ पासून मिळू लागले असून ते आधारच्या साहाय्याने मोबाइलवरूनही काढता येते. मात्र ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे, घरी ठेवलेल्या मावशींचा पगार त्यातून मिळत नाही.

आपण स्वतःविषयी पत्रात एक ओळही लिहिलेली नाही, म्हणून आणखी एक क्रमांक देतो. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोन सेवा रात्रंदिवस नि:शुल्क चालते, मराठीतही बोलता येते आणि ती फक्त रुग्णांसाठी नाही. झोप उडाली, सासूबाईंवर आवाज चढू लागला किंवा रडू आवरेनासे झाले, तर आपण स्वतःसाठी तेथे फोन करावा आणि यजमानांच्या सुटीच्या दिवशी काही तास पूर्णपणे त्यांच्यावर सोपवून घराबाहेर पडावे.