खर्व, खरब आणि चौदा शून्यांचा जलधी

दापोलीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: ‘हिंदीतलं खरब म्हणजे आपलं खर्वच ना? आणि संख्यांच्या नावांच्या जुन्या यादीतला जलधी म्हणजे किती?’

नाही, खरब म्हणजे खर्व नव्हे. खर्व म्हणजे एक हजार कोटी, एकावर दहा शून्यं. हिंदीतल्या खरबाला अकरा शून्यं, म्हणजे तो आपला निखर्व. हिंदी बातमी उचलताना ‘दोन खरब’चे ‘दोन खर्व’ करणारे नऊ दशांश रक्कम बिनदिक्कत गिळतात, आणि हे वारंवार कानावर पडतं.

खरी मौज जलधीत आहे. जल आणि ‘धा’ म्हणजे धारण करणे. पाणी धरून ठेवणारा. उदधी, पयोधी, वारिधी ही त्याचीच भावंडं. (आपल्या किनाऱ्यावरचा दर्या मात्र फारसीतून आला.) भास्कराचार्यांच्या 1150 सालच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथात अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू आणि त्यानंतर जलधी असा क्रम आहे. जलधी म्हणजे एकावर चौदा शून्यं. ‘अगणित’ असा मोघम अर्थ सांगणाऱ्यांनी एकदा शून्यं मोजावीत.

कोटीला कोटीने गुणलं की जलधी होतो, म्हणजे ही पूर्ण वर्गसंख्या. शिवाय तो शंभराचा सातवा घात: नारळांचा एक शेकडा, तसे शंभर शेकडे, मग त्यांचेही शंभर, असं सातव्या शंभरापर्यंत गेलात की जलधी भरला. मूळ अवयव दोनच, 2 आणि 5, प्रत्येकी चौदा वेळा. म्हणून विभाजक 15 गुणिले 15, म्हणजे 225.

आता हे चौदा बघा. समुद्रमंथनातून रत्नं किती निघाली? चौदा! ‘लक्ष्मीः कौस्तुभ पारिजातक’ हे मंगलाष्टक आपल्याकडे लग्नालग्नांत म्हणतात, त्यातही ‘रत्नानीह चतुर्दश’ आहेच. माझं ठाम मत आहे की समुद्राला चौदा शून्यं जाणूनबुजून दिली गेली. यावर काही संस्कृतज्ञ वाजसनेयी संहिता, म्हणजे शुक्ल यजुर्वेदाची संहिता, पुढे करतात. तिथल्या यादीत समुद्राला नऊच शून्यं आहेत. मध्ये नवी नावं घुसली आणि समुद्र आपोआप पुढे सरकला, असं त्यांचं म्हणणं. अहो, पण सरकला तो नेमका पाचच घरं का? चार नाही, सहा नाही. याचं उत्तर द्यायचं सोडून ‘योगायोग’ म्हणणं हा निव्वळ आळस आहे.

ज्योतिषाच्या जुन्या श्लोकात जलधी दिसला, तर मात्र चौदा शून्यं मांडू नका. तिथे भूतसंख्या चालते, म्हणजे अंकाऐवजी एखाद्या वस्तूचं नाव वापरतात. समुद्र चार, म्हणून जलधी म्हणजे बहुतेक ठिकाणी 4 हा अंक, आणि अंक मांडायचे ते उजवीकडून डावीकडे.