ओळख ना देख, तरी रडू येतंय

कुठलाही मोठा कलाकार गेला की पुढचे दोन-तीन आठवडे समुपदेशक म्हणून माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो. शब्द बदलतात, प्रश्न तोच. "मॅडम, ज्याला मी कधी भेटलो नाही, ज्याला माझं नावसुद्धा माहीत नव्हतं, त्याच्यासाठी मी एवढा रडतोय, माझं काही बिघडलंय का?" दरवेळी एकेकाला उत्तर देत बसते, म्हटलं आता एकदा लिहूनच टाकू.

केस सप्टेंबर २०२१ ची. (तपशील बदललेत आणि त्यांना विचारूनच लिहितेय.) पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ, सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेलेली, बोलणं अगदी मोजकं. २४ ऑगस्टला लंडनमध्ये रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडचा ड्रमर चार्ली वॉट्स गेला, वय ८०, आणि तेव्हापासून यांची झोप उडालेली, ऑफिसात फाइल उघडायची आणि नुसतं बघत बसायचं. घरी बोलायची सोय नाही, कारण मिसेस एकदा बोलून गेल्या होत्या, "सख्खे काका गेले तेव्हा टिपूस आलं नाही डोळ्यातून, आणि आता हे काय?"

ते वाक्य चांगलंच लागलं होतं. पहिल्या दोन सेशनमध्ये चार्लीपेक्षा त्या वाक्याबद्दलच जास्त बोलले. "गायक गेला असता तर लोकांना समजलं तरी असतं हो, ड्रमरसाठी कोण रडतं?" म्हणजे बघा, दुःख एक आणि त्या दुःखाची लाज ही वेगळीच, आणि माझ्या मते झोप उडवत होती ती लाज. मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाला मानणारी आहे, माणूस आधी दुःखी होतो आणि मग दुःखी झालो म्हणून स्वतःला झोडपत बसतो हे मी रोज बघते, आणि हातात पहिल्यांदा काय घ्यायचं तर ते झोडपणं.

पण त्याआधी मी एक चूक केली, तीही सांगते. मला वाटलं ह्यामागे दुसरं कुठलंतरी जुनं दुःख असणार. विचारलं, "चार्लीच्या आडून अजून कोणी आठवतंय का, तुमच्या जवळचं?" मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते पण ते रागावलेले कळले.

"मॅडम, तुम्ही पण? मी दुसऱ्याच कोणासाठी रडतोय असं का वाटतं प्रत्येकाला? मी चार्लीसाठीच रडतोय."

गप्प बसले मी. एवढ्या वर्षांच्या प्रॅक्टिसनंतर अशी चपराक बसली की बरंच वाटतं, खोटं कशाला बोलू. म्हटलं, "चुकलं माझं. सांगा मग मला चार्ली."

आणि हा मोजकं बोलणारा माणूस सुटलाच. पोरवयात चार्लीला बँजो मिळाला तर त्याने दांडी काढून टाकली आणि उरलेल्या गोल भागाचा ड्रम केला. जीव खरा जॅझमध्ये, पण १९६३ मध्ये स्टोन्समध्ये आला तो शेवटपर्यंत राहिला. टूरवर ज्या ज्या हॉटेलात झोपायचा तिथल्या पलंगाचं चित्र काढायचा. एप्रिल २००३ मध्ये बँड मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेला तेव्हा हे इतक्या मागे उभे होते की चार्ली म्हणजे एक पांढरा ठिपका, पण त्या ठिपक्याकडेच बघत होते.

मी विचारलं, "पण त्याच्या वाजवण्यात एवढं काय होतं? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

त्यांनी माझ्या टेबलावरच्या दोन पेन्सिली उचलल्या. उजव्या हाताने डायरीवर टकटकटकटक सुरू, ती म्हणे हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी, आणि डावा हात टेबलावर, तो स्नेअर, म्हणजे समोरचा छोटा ड्रम. "बाकीचे ड्रमर असं वाजवतात. उजवा हात थांबत नाही. आता चार्ली बघा." डावा हात खाली आला की उजवा वर उचलला जायचा, एक टक गाळून. दरवेळी. एक, दोनला हात वर, तीन, चारला हात वर. चार-पाच वेळा वाजवलं, आणि मग उजवा हात वर गेला तो खालीच येईना. पेन्सिल तशीच हवेत धरून ते रडले, चांगले दहा मिनिटं. मी काही बोलले नाही. (नवीन समुपदेशकांना एवढंच सांगेन की अशावेळी टिश्यूचा बॉक्स पुढे सरकवायची घाई करू नका, समोरच्याला ते "आवरा आता" असं ऐकू येतं.)

शांत झाल्यावर म्हटलं, तुम्ही हिशेबवाले ना, मग हिशेबच करू. रोज किती वेळ ऐकता? अर्धा तास तरी, घरी आल्यावर. किती वर्षं? पस्तीस. पेन्सिल हातात होतीच, त्यांनी आकडा मांडला, सहा हजार तासांच्या वर. आणि काकांबरोबर? बराच वेळ विचार केला. "लग्नकार्यं, सणवार धरून... शंभर तास, तेही ओढूनताणून."

"मग रडू कुणासाठी जास्त येणार?"

पहिल्यांदा हसले.

नातं एकतर्फी होतं हे खरंच, पण ते तास खोटे नव्हते, आणि दुःख रक्ताचं नातं बघून येत नाही, सवय तुटली की येतं. काकांसाठी रडू आलं नाही म्हणजे प्रेम नव्हतं असंही नाही, दोन दुःखांची तुलना करायची गरजच नाहीये.

अजून एक गाठ होती, ती रागाची. चार्ली जाऊन पाच आठवडेही झाले नव्हते आणि २६ सप्टेंबरला सेंट लुईसला टूर सुरू, ड्रमवर स्टीव्ह जॉर्डन. "थांबायला हवं होतं त्यांनी! लेड झेपेलिनचा ड्रमर बॉनहॅम गेला तेव्हा त्यांनी १९८० मध्ये बँडच बंद केला." इथे मी थोडी अडून बसले. थांबले असते तर तुम्हाला आवडलं असतं, पण थांबायलाच हवं होतं हा नियम कुणाचा? जॉर्डनचं नाव तर चार्ली असतानाच, त्याच्या संमतीने ठरलं होतं. आणि शो सुरू झाला तो रिकाम्या स्टेजवर, नुसता ड्रमचा आवाज आणि पडद्यावर चार्लीचे फोटो. हे त्यांनीच मला सांगितलं, सांगता सांगता राग निम्मा झाला.

तुमचंही असं काही चाललं असेल तर "मला काय झालंय" असं विचारण्यापेक्षा कोणा एकाला धरून बसवा आणि त्या कलाकाराची एकच आवडती गोष्ट नीट समजावून सांगा, "खूप ग्रेट होता" नको, हात कसा उचलायचा ते सांगा. रात्री दोनपर्यंत श्रद्धांजलीचे व्हिडिओ स्क्रोल करणं मात्र बंद, त्याने जखम उघडी राहते. ऐकायचं तर ठरवून, एक अल्बम, पूर्ण. आणि आठवडेच्या आठवडे झोप, जेवण, काम जाग्यावर येत नसेल किंवा जगणंच नको वाटत असेल, तर हा लेख बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टरला किंवा समुपदेशकाला भेटा, कारण मग प्रश्न चार्लीचा राहिलेला नसतो.

सहा सेशननंतर आम्ही थांबलो. डिसेंबरमध्ये त्यांचा मेसेज आला. "काल व्हिडिओ बघत होतो. मिसेस शेजारी बसलेली, एकदम म्हणाली, अहो, हा मधेच हात का उचलतो? पाऊण तास सांगत होतो मॅडम. झोपली ती मधे, पण विचारलं तिनेच."